बालविवाह होतोय, कायदा असून उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या वस्तीवर पंधरा वर्षांच्या मुलीची सुपारी फुटलीये, पंधरवड्यात लग्न आहे, आणि मुलांसाठी एवढे कायदे असून उपयोग काय, सगळं कागदावरच ना. मी बीड-जालन्याकडे बरीच वर्षं याच कामात आहे म्हणून सांगते, कायद्यात ताकद आहे, पण ती जवळपास सगळी अक्षता पडायच्या आधी आहे.

2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा नीट वाचला तर कळतं की लग्न लावणं गुन्हा आहे, नवरा सज्ञान असेल तर तो, आईबाप, लग्न लावणारा भटजी, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड (बाईला मात्र कैद होत नाही), पण झालेलं लग्न बहुतेक वेळा कायदेशीर म्हणून टिकतं. ते रद्द करायचं तर मुलीने वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. आता सांगा, कडेवर लेकरू घेऊन नवऱ्यासोबत ऊसतोडीला कोयत्यावर कारखान्याला गेलेली पोरगी कुठल्या कोर्टात जाणार आहे? माझ्या मते ही या कायद्यातली सगळ्यात मोठी खोट आहे.

म्हणून हातात हे दिवस आहेत तोवरच हलवा. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, पण त्यांना गावातच काम करायचं असतं, गावाचा दबाव येतो, त्यामुळे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यालाही कळवाच. आणि इथे एक गोष्ट नेहमी होते, टीम येते, आईबापाकडून अठराच्या आत लग्न लावणार नाही असं हमीपत्र लिहून घेते, फोटो काढते आणि जाते, मग तेच लग्न चार दिवसांनी मामाच्या गावी रात्री गुपचूप लागतं. नुसत्या हमीपत्रावर थांबू नका. कलम 13 खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मागा, तातडी असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळू शकतो. त्याचा फायदा असा की हुकूम मोडून लग्न लावलं तर कलम 14 प्रमाणे ते लग्न मुळातच रद्द, मुलीला नंतर वेगळा अर्ज करत बसावं लागत नाही. एवढी मोठी तरतूद आहे आणि आमच्याकडे ती क्वचितच वापरली जाते याचा मला खरंच राग येतो.

वयाचा पुरावा आधीच काढून ठेवा. घरचे आधार पुढे करतात, त्यावर तारीख बदललेली असू शकते, शाळेतून जन्मतारखेचा दाखला घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.

लग्न झाल्यावर काय होतं तेही सांगते. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अठराच्या आतल्या बायकोशी संबंध म्हणजे बलात्कारच, आणि ते योग्यच आहे, पण मग सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, त्या भीतीने घरचे तिला तपासणीलाच आणत नाहीत किंवा वय खोटं सांगतात, आणि ॲनिमिया वगैरे सगळं अंगावर निघतं. मुलीला वाचवायला केलेला नियम तिलाच दवाखान्यापासून लांब ठेवतो. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, लग्न आधी थांबवणं एवढंच.

थांबलं तरी काम संपत नाही हं. मुलीला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे हजर करायला लावा, तिथे तिला एकटीने बोलू द्या, आणि आईबाप ऊसतोडीला जाणारे असतील तर हंगामी वसतिगृहाची आणि शाळेची सोय तिथेच लेखी मागा, कारण मागे पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीनेच बरीच लग्नं ठरतात. लग्नाची तारीख आणि तालुका मला मेसेज करा, कुणाला गाठायचं ते आजच बघते.