हिवाळ्यात लिस्बनला पहिल्यांदा जाताय? मग एवढं कराच

चार दिवसांत पोर्तुगालमधली लिस्बन, पोर्तो आणि सिंत्रा ही तिन्ही ठिकाणं बसवू नका. पहिल्या खेपेला सगळे हीच चूक करतात. लिस्बनलाच राहा. पोर्तोत या दिवसांत पाऊसही जास्त असतो.

- बूट: चांगली पकड असलेले घ्या. तिथले फूटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, त्यात सगळा चढउतार. ओल्या दगडावर पाय सटकतोच.
- खोली: हीटर आहे का, हे बुकिंगआधी विचारा. बाहेर पंधरा अंश सुखाचे वाटतात, पण जुन्या घरांत रात्री हुडहुडी भरते.
- सोमवार: जेरोनिमुश मठ बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे. आपल्या किनाऱ्याचा इतिहास आठवत तिच्यासमोर उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं.

मठाजवळच १८३७ पासूनचं पाश्तेल द बेलेंचं, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं, दुकान आहे. गरम पाश्तेलवर दालचिनी भुरभुरवा, कडेचा पापुद्रा करकरतो, आतलं कस्टर्ड जीभ भाजतं. घाई नको!

डिसेंबरात सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून साडेचारला ग्रासाच्या टेकडीवर पोहोचा. वाटेत भाजलेल्या चेस्टनटचा धूर दिसला तर एक पुडी घ्याच. बाकीचं पुढच्या खेपेला.