सिनेमा 'एन्जॉय केला' की सिनेमा रंगला?

प्रश्न असा आहे : "शाळकरी वयातल्या प्रेमाचा एक हलकाफुलका सिनेमा पाहिला. नायक-नायिका दोघांनाही गाण्याचं वेड. 'मी सिनेमा खूप एन्जॉय केला' हे मराठीत कसं म्हणू? 'सिनेमाचा आनंद घेतला' चालेल का?"

चालेल, पण तो तर्जुमाच. आणि 'एन्जॉय केला' ऐकून ऐकून मी खरंच वैतागले आहे. मला आवडलं, मला मजा आली, गाणं रंगलं, गप्पा रंगल्या. अशा ठिकाणी मराठी 'मी'ला कर्त्याच्या पाटावर बसवत नाही. जे काही करायचं ते गाणं करतं, सिनेमा करतो. तेव्हा 'सिनेमा रंगला' म्हणा, किंवा 'मी त्यात रंगून गेले'.

आता या रंगण्याकडे बघा. मूळ धातू 'रञ्ज्', म्हणजे रंग चढणे, आणि त्यावरून मन जडणे. रक्त, रजक, रंजन, अनुराग, वैराग्य ही सगळी त्याचीच लेकरं. 'रंग' आणि 'राग' तर सख्खी भावंडं. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'घञि च भावकरणयोः' (६.४.२७). रंगण्याची क्रिया किंवा रंगवण्याचं साधन सांगायचं असेल, तर धातूतलं अनुनासिक गळतं आणि 'राग' होतो. जिथे रंगतात ती जागा सांगायची असेल, तर ते टिकतं आणि 'रङ्ग' होतो. तोच आपल्या रंगभूमीतला रंग! एका अनुनासिकाने गाणं आणि मंच वेगळे केले. मला हे सूत्र आठवलं की दिवस चांगला जातो. जुना संगीतशास्त्रकार मतंग, त्याने 'बृहद्देशी' या ग्रंथात रागाची व्याख्याही धातूला धरूनच केली : 'रञ्जको जनचित्तानां'. लोकांची मनं रंगवतो तो राग.

मग रागावण्यातला राग? तो वेगळा शब्द आहे असं छातीठोक सांगणारे भाषातज्ज्ञ मला भेटले आहेत. त्यांना मूळ विचारलं की गप्प. शब्द एकच आहे. संताप आला की चेहऱ्यावर लाली चढते, म्हणून राग. इंग्रजी 'रेज' आपल्या रागावरून आला असं सांगणारे दुसऱ्या टोकाला. तो लॅटिन 'राबिएस'वरून फ्रेंचमार्गे आला. त्याचा रंगाशी काही संबंध नाही.

आणि 'रागद्वेष' म्हणजे 'संताप आणि तिरस्कार' असं समजणं कृपा करून थांबवा. तिथला राग म्हणजे ओढ. योगसूत्रांत 'सुखानुशयी रागः' (सुखामागून येतो तो राग) आणि लगेच पुढे 'दुःखानुशयी द्वेषः' (दुःखामागून येतो तो द्वेष) अशी विरुद्ध जोडी आहे. गीतेतल्या 'वीतरागभयक्रोधः'मध्येही क्रोध वेगळा सांगितला आहे. राग म्हणजेच क्रोध असता, तर तो दोनदा कशाला सांगितला असता?

तुमचा प्रश्न आला म्हणून तो सिनेमा मीही पाहिला, आणि फार आवडला. तालमीत ती त्याची चाल मध्येच तोडून लय वाढवते, तेव्हा त्याचे कान लाल होतात. पुढे ती स्वतःच्या कानातला एक इअरफोन काढून त्याच्या हातावर ठेवते, तेव्हाही तेच कान, तशीच लाली. संताप, गाणं आणि प्रेम, तिन्ही अर्थ त्या एका पोराच्या कानांवर दिसतात. मराठीने, आणि कोकणीनेही, रागाचा संतापाचा अर्थ रोजच्या बोलण्यात ठेवला. हिंदीत रोजचा शब्द 'गुस्सा'. माझं ठाम मत आहे की आपण ती लाली नीट पाहिली होती.

राहता राहिला 'रागरंग'. हिंदीत त्याचा अर्थ गाणंबजावणं, मौजमजा. आपण मात्र 'एकंदर रागरंग पाहता' म्हणतो, म्हणजे परिस्थितीचा अंदाज घेतो. हा अर्थ मैफलीतूनच आला असणार असं मला वाटतं. गायला बसलेला माणूस आधी समोरच्यांचे चेहरे वाचतो, मग ठरवतो काय गायचं. सिनेमाच्या शेवटी ती मंचावर जायच्या आधी पडद्याच्या फटीतून सभागृह न्याहाळते, तिसऱ्या रांगेत तो दिसतो आणि ती ठरलेलं गाणं बदलते. ती तिथे रागरंगच पाहत होती.