बर्फावरची शर्यत चढावर ठरते का?

प्रश्न : यवतेश्वर घाटात धावताना खरा दम चढावर लागतो, लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीतही तसेच असते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्याच अंशी होय. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांनुसार मार्गात चढ, उतार आणि उंचसखल भाग साधारण एकेक तृतीयांश असतात. मात्र, माझ्या मते खरा कस माथ्यावर लागतो, कारण मांड्या भरून आलेल्या असतानाच तेथे जोर लावून उतारासाठी वेग घ्यावा लागतो. तेथे दोन पावले मागे पडलेला स्पर्धक उतारावर आणखी मागे राहतो. उलट, स्वीडनमधील 90 किलोमीटरच्या वासालोपेत शर्यतीत सुरुवातीचा मोठा चढ सोडल्यास मार्ग बराचसा सौम्य असल्याने अव्वल स्पर्धक दोन्ही काठ्या एकदम रोवून, मुख्यतः हातांच्या आणि पोटाच्या बळावर स्वतःला पुढे रेटतात.