कुणाचं वाईट न करणाऱ्यालाही गर्वाचा धोका का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "मी चर्चला जातो, दान देतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. मग गर्व आणि देवाविषयीची कृतघ्नता यांना चोरी-मारामारीपेक्षा घातक का मानतात?"

रागावू नका, पण उत्तर तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) मंदिरात उभा राहून जवळपास हेच सांगतो: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. त्याच्या प्रार्थनेची सुरुवातही 'देवा, मी तुझे आभार मानतो' अशीच आहे. आभार देवाचे, कौतुक स्वतःचं! चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं.

माझंच सांगतो. खानापूर तालुक्यात आमची भातशेती. शेजाऱ्यांचे दोन बोअर कोरडे गेले आणि माझ्या बोअरला पाणी लागलं. मग वर्षभर लग्नात, बारशात माझं एकच पालुपद: जागा मी हेरली, कर्ज मी काढलं. एका रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) तेच कुणाला तरी ऐकवत होतो. बाबा शेजारी उभे. म्हणाले, "आणि पाणी? तेपण तूच ठेवलेलास काय खाली?"

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात मोशे इस्राएली लोकांना हाच इशारा देतो: पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, तेव्हा हे धन माझ्या बळावर मिळवलं असं मनात आणू नका. म्हणजे इशारा रानातल्या उपाशी दिवसांसाठी नाही, सुगीनंतरच्या दिवसांसाठी आहे.

तुम्हाला वाटेल, पुढे बोअर आटला असेल. नाही आटला, अजून चालतो. बढाई मारल्यावर बायबलमधल्या नबुखद्नेस्सर या बाबेलच्या राजाचं भान हरपलं, तसं प्रत्येकाचं होत नाही, आणि खरा धोका इथंच आहे. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी आठवा. दहाही बरे झाले, आभार मानायला परतला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकी नऊ जणांचा रोग उलटला असं कुठंही लिहिलेलं नाही. पण 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले' हे येशूचे शब्द त्या एकालाच ऐकायला मिळाले. नऊ जणांना धड कातडी मिळाली, देणारा मात्र हुकला. प्रेषित पौलही रोमकरांस पत्र लिहिताना हाच क्रम लावतो: देवाला ओळखूनही त्याचे आभार मानले नाहीत, मग विचार पोकळ झाले, मन अंधारलं.

एक मात्र सांगतो. कुणाचं पीक गेलं, कुणी आजारी पडलं, की "गर्व केलास म्हणून" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याच्यावर असाच ठपका ठेवला, आणि देव त्या मित्रांवरच रागावला. देवाकडे गाऱ्हाणं घालणं म्हणजेही कृतघ्नता नव्हे. बायबलमधली स्तोत्रं गाऱ्हाण्यांनी भरली आहेत.

उपाय विचाराल तर, येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी १५४२ मधल्या एका पत्रात कृतघ्नतेला सगळ्या पापांचं मूळ म्हटलंय. त्यांनी शिकवलेली रोजची आत्मपरीक्षा चुका मोजण्याआधी आभारांनी सुरू होते. रात्री थ्री-फेज विजेची वाट बघत मोटरीजवळ बसतो, तेव्हा मी ती करतो. पहिल्या रात्री तीन गोष्टींपुढे गाडी सरकेना, आणि त्यातली एक बाबांचा तो टोमणा होता.