हिरव्या काड्यांची मिठाई

प्रश्न: लेकीने फ्रान्सहून हिरव्यागार काड्या आणल्यात, पाकात मुरवलेल्या, पाकिटावर अँजेलिका लिहिलंय. हे नक्की काय, आणि औषधी असतं का?

उत्तर: अहो ताई, ही आपल्या कोथिंबीर-ओव्याचीच नातेवाईक! फ्रान्समधलं निओर गाव यासाठी फेमस आहे, तिथे झाडाचे कोवळे देठ उकडून, सोलून, काही दिवस साखरेच्या पाकात मुरवतात, आपल्या मोरावळ्यासारखंच म्हणा, आणि मग केकवर सजवतात. मूळ वाया जात नाही, ते सुकवून जिन नावाच्या दारूत घालतात. नॉर्वे-आइसलँडकडे देठ भाजीसारखे खायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे हिमालयात याची बहीण आहे, गंद्रायण, कुमाऊंत तिच्या मुळाची डाळीला फोडणी देतात, वास एकदम जबरी!

औषधाचं म्हणाल तर युरोपात पोटफुगीवर मूळ पूर्वीपासून देतात, चीनमध्ये वेगळी जात, डांग क्वे, पाळीच्या तक्रारींवर. पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काढे-कॅप्सूल नकोच. ताज्या झाडाचा रस कातडीला लागून ऊन लागलं तर फोडही येतात. तुमच्या काड्या मात्र बिनधास्त खा, शुगर नसेल तर!