पुरात भिजलेली दुष्काळाची कादंबरी

प्रश्न : आम्ही साताऱ्यातल्या नऊ जणी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. आता निसर्ग आणि खेडं असलेली कादंबरी घ्यायचं ठरलंय. अटी दोनच : फार जाड नको आणि रडारड नको. मागच्या पुस्तकानं सगळ्या इतक्या खचल्या की केलेला चहा तसाच राहिला. बहुतेकींची सासरं जावळी-पाटणकडची, त्यामुळे डोंगर, पाऊस, हिरवाई असेल तर बरं. काय घ्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पहिली अट पाळतो, दुसरी थोडी वाकवतो आणि हिरवाईची मागणी सरळ फेटाळतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या.

‘ती तर शाळेत होती की,’ असं तुमच्यातली एखादी म्हणणारच. शाळेत धडा होता आणि धड्याखाली प्रश्न होते. कादंबरी बाहेरच राहिली. मीही त्यातलाच. पुस्तक पुरं वाचलं ते नोकरी लागल्यावर.

मी पशुसंवर्धन खात्यात होतो. ऐन उमेदीची वर्षं आटपाडी तालुक्यात गेली. माडगूळ तिथलंच. मी नदीकाठचा, सांगलीचा माणूस. पहिल्यांदा एसटीच्या खिडकीतून तो मुलूख बघितला आणि बदलीचा अर्ज कुणाकडे द्यायचा याचाच विचार करत बसलो. माळ, बोरी, बाभळी, परत माळ. पुढं एका म्हाताऱ्या मेंढपाळानं माझी हजेरी घेतली. ‘सायेब, लांब काय बघताय? पायाखाली बघा.’ मग चपलेच्या टोकानं दाखवत गेला : ही पवन्या, ही मारवेल, ही कुसळी. मला ते सगळं एकच वाळकं गवत दिसत होतं. कुसळी म्हणजे काय ते मला त्याच आठवड्यात कळलं. तिचं कुसळ सुईसारखं. लोकरीत शिरलं की आत आत जातं, कातडीला लागतं, मेंढराच्या ओठात रुततं. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी चिमट्यानं एकेक उपसत होतो आणि म्हातारा मेंढराचं तोंड धरून मला गवताची नावं पाठ करायला लावत होता. दुसऱ्यांदा ‘बनगरवाडी’ उघडली ती त्यानंतर. तेच पुस्तक, पण मला दिसायला लागलं होतं.

म्हणून हिरवाई नको म्हणतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच तुमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला माण आणि त्याला लागून आमचं आटपाडी, तिथं पाचशेच्या आसपास, तोही आला तर. जावळीत पाऊस सारखा पडतो म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. माणदेशात सगळी वाडी आभाळाकडं बघत असते. या कादंबरीत निसर्गवर्णनासाठी लेखक गोष्ट थांबवत नाही, कारण पाऊस हाच गोष्टीचा मालक आहे. माडगूळकर रानात हिंडलेले, हातात चित्रकाराची पेन्सिल असलेले. एका वाक्यात मेंढरू उभं करतात आणि पुढं जातात.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट राखून. औंध संस्थानचा काळ. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमला जातो. शाळा आहे, पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागं. मग म्हातारा कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं एकेक करून मास्तराच्या आयुष्यात येऊन बसतात. वाडी खपून तालीम बांधते, तिच्यासाठी खुद्द औंधचे राजे येतात. आणि मग पाऊस येत नाही.

रडारडीचं म्हणाल, तर या पुस्तकात कुणी गळा काढत नाही. वाईट होतं, खूप होतं, पण लेखक ते नुसतं सांगून गप्प बसतो. रडायचं की नाही ते तुमच्यावर. चहा करून ठेवा, प्याला जाईल.

एक जागा मात्र मोठ्यानं वाचा. शेकूकडं बैल एकच. पेरणी तोंडावर, दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला जुवाला खांदा देते. मी आयुष्यभर बैलांचे खांदे बघितले, सुजलेले, सोललेले, पिकलेले. खांदा आला म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, तरी त्या पानाशी मी अडलो. तुमच्या नऊ जणींत शेतात राबलेल्या असतीलच. त्यांना आधी बोलू द्या.

तक्रारही सांगतो. अंजी आणि मास्तर यांच्यात जे काही आहे-नाही, ते मला अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. आमची ही म्हणते, अर्धवटच असतं तसलं. यावर तुमच्यात भांडण झालं तर निकाल मला कळवा.

दुसरी नावं मनात आली नाहीत असं नाही. आनंद यादवांची ‘गोतावळा’ माझ्या धंद्यामुळं मला सगळ्यात जवळची. सगळी शेतगड्याच्या बोलीत, आणि मळ्यावर ट्रॅक्टर आला की जनावरं एकेक करून जातात. पण तिनं तुमची दुसरी अट पार मोडेल. अगदी डोंगरच हवा असेल तर गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ पुढच्या महिन्याला घ्या.

कादंबरी 1955ची आहे, अजून सहज मिळते, आणि एका रविवारात संपेल एवढीच आहे. ती वाडी बघायला म्हणून गाडी काढू नका. त्या भागात आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत. त्यापेक्षा दिवाळीनंतर कुठं रानात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं बसवलेली दिसली तर घटकाभर थांबा.

माझ्या प्रतीचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट 2019च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट बुडालं. ओसरल्यावर गच्चीत दोऱ्या बांधून पुस्तकं कपड्यांसारखी चिमट्यांनी वाळत घातली. बरीच गेली. ‘बनगरवाडी’ फुगून दुप्पट झाली, पण वाचली. पावसाचा थेंब नसलेल्या त्या शेवटच्या पानांवर कृष्णेच्या गाळाची तपकिरी रेघ आहे. नवी प्रत घेऊन दिली मुलानं. ती पाहुण्यांना देतो.

प्रश्न : आमच्या शेतात वानरांनी उच्छाद मांडलाय. भुईमूग, मका, पेरू काही ठेवत नाहीत. मित्र म्हणाला ‘सत्तांतर’ वाच. ती राजकारणावरची कादंबरी ना? तिचा इथं काय संबंध?
– एक शेतकरी, पाटण

उत्तर : मित्र बरोबर आहे. माडगूळकरांचीच, 1982ची. टोळीची सत्ता कुणाकडं, हाच विषय, पण टोळी वानरांची. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली आहे. मका वाचवायचा उपाय तिच्यात नाही. फक्त वाचल्यावर तुम्ही गोफण उचलाल तेव्हा समोरचा हुप्प्या टोळीत नवा की जुना, हे आधी बघाल. तेवढ्यात तो पेरू घेऊन गेलेला असेल, ती जबाबदारी माझी नाही.