टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी कोणती एसएसडी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की हॉलमध्ये टीव्हीला जोडलेला जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा इंटेल आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, आत २ टीबीची हार्ड डिस्क, त्यावरच विंडोज आणि त्यावरच सगळे पिक्चर. चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, कोडी (पिक्चर लावायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडलं की पोस्टर एकेक करत येतात, ४के फाइल लावली की अडकते, आणि आता दुकानदार म्हणतोय १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी, थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) घ्या, सगळे प्रॉब्लेम जातील. सगळे नाही जाणार. तीनपैकी दोन जातील, आणि त्यासाठी एनव्हीएमई लागत नाही आणि १ टीबीही लागत नाही. ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची, घ्या, त्यावर फक्त विंडोज आणि कोडी ठेवा, पिक्चर आहेत तिथेच हार्ड डिस्कवर राहू द्या. आता का ते सांगतो, कारण माझ्याकडे जवळपास हाच सेटअप होता आणि यात मी एकदा पैसे घालवून बसलोय.

पहिलं एनव्हीएमईचं. तुमच्या एच८१ बोर्डावर बहुतेक एम.टू स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई बसवायची खाचच, नसणार, पीसी उघडून एकदा बघा. दुकानदार म्हणेल की पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये कार्ड लावून देतो, ते लागतं, आणि विंडोज चालू असताना ड्राइव्ह दिसतोही, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी एसएसडी घेताय तेच काम होणार नाही. बायोस बदलून करणारे लोक आहेत पण घरातल्या टीव्हीच्या मशीनवर ती जोखीम मी घेणार नाही.

आणि समजा स्लॉट असता तरी काय फरक पडला असता? इथे थोडा हिशोब करून बघा, मला तो केल्यावरच डोक्यात प्रकाश पडला. ४के ब्लू-रे डिस्क, म्हणजे घरात बघता येणारं सगळ्यात जड प्रकरण, तिचा जास्तीत जास्त बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) साधारण १२८ मेगाबिटच्या आसपास. बिट आहे हं, बाइट नाही, आठने भागा, आले १६ एमबी सेकंदाला. तुमची साधी ५४०० आरपीएमची हार्ड डिस्कसुद्धा सलग फाइल वाचताना १०० एमबीच्या आसपास देते. साटा एसएसडी साडेपाचशे देते, जनरेशन ३ ची एनव्हीएमई साडेतीन हजार. आणि पिक्चर मागतोय १६. नेटफ्लिक्स तर ४के साठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं म्हणतं, म्हणजे २ एमबीसुद्धा नाही. पिक्चर चालवायला तुमची आत्ताची डिस्क कमी पडतच नाहीये, त्यामुळे ती बदलून पिक्चर जास्त चांगला चालणार नाही.

मग ४के का अडकतं? तर ते तुमच्या प्रोसेसरमुळे. ४के फाइली बहुतेक १० बिट एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धतीत असतात आणि ते उलगडायचं हार्डवेअर इंटेलने सातव्या जनरेशनपासून पूर्ण दिलं, चौथ्यात ते नाहीच. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि दोन कोअरच्या आय३ ला तो झेपत नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि ४के फाइल लावा, सीपीयू १०० टक्क्यांना चिकटलेला दिसेल आणि डिस्क मात्र निवांत असेल. शिवाय या पिढीचा एचडीएमआय ४के ला जास्तीत जास्त ३० हर्ट्झच देतो. तेव्हा ४के हेच जर तुमचं मुख्य दुखणं असेल तर एसएसडीचे पैसे सरळ बाजूला ठेवा आणि सातव्या किंवा पुढच्या जनरेशनचा सेकंडहँड मिनी पीसी बघा. १०८० पी वर समाधान असेल तर पुढे वाचा, कारण बाकीच्या दोन गोष्टींत एसएसडी खरंच घरातलं वातावरण बदलते.

पोस्टर हळूहळू का येतात ते बघा. कोडी प्रत्येक पोस्टर, प्रत्येक फॅनआर्ट, प्रत्येक नटाचा फोटो स्वतःकडे उतरवून ठेवतं. युजरडेटामध्ये थंबनेल्स नावाचं फोल्डर आहे, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा फोल्डरं, आणि त्यात हजारो बारक्या बारक्या जेपीजी. तुम्ही रिमोटने खाली खाली जाता तेव्हा हार्ड डिस्कच्या मुंडीला तबकडीवर इकडून तिकडे उड्या मारत ते एकेक चित्र शोधावं लागतं. एका उडीला साधारण १० ते १५ मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. शंभरपट फरक आहे तो इथे आहे, पिक्चर चालण्यात नाही. विंडोज चालू होणं हेही असंच हजारो छोट्या फाइलींचं काम, म्हणून तुमची चार मिनिटं जाऊन अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतील. कोडीऐवजी जेलीफिन हा घरचा मीडिया सर्व्हर वापरत असाल तर तिथेही तेच, त्याचा डेटाबेस आणि चित्रं एसएसडीवर, व्हिडिओ हार्ड डिस्कवर.

आणि आवाज. याबद्दल कोणी फार बोलत नाही पण मला विचाराल तर टीव्हीच्या मशीनला एसएसडी लावण्याचं सगळ्यात मोठं सुख हेच. माझे वडील रात्री जेवणं झाल्यावर जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग लावतात, दिवा मालवून, आवाज बारीक ठेवून. विलंबित सुरू असतं, गवई एखाद्या स्वरावर थांबलेला असतो, आणि नेमकं तेव्हा कॅबिनेटमधून कर्र कर्र कर्र, कारण विंडोजला त्याच वेळी काहीतरी अपडेट करायचं असतं. बाबा विचारायचे, आत काय कुरतडतंय रे ते. सिस्टिम एसएसडीवर नेल्यावर ते बंद झालं. हार्ड डिस्क आता फक्त फाइल वाचताना फिरते आणि कोणी काही बघत नसेल तर विंडोज तिला २० मिनिटांनी झोपवतं, त्यामुळे नंतर पहिला पिक्चर लावला की पाच-सात सेकंद थांबावं लागतं, डिस्क जागी व्हायला. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर बिघडलं म्हणून रिमोटची सगळी बटणं दाबली जातात. हा थांबा नकोच असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये ती वेळ वाढवता येते.

आता कोणती घ्यायची. इथे मी एकदा चुकलोय म्हणून जरा जास्त लिहितो. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो स्पीड लिहिलेला असतो तो बघून निवडू नका, साटामध्ये सगळ्यांचाच ५०० च्या वर असतो. दोन गोष्टी विचारा, चिप टीएलसी आहे की क्यूएलसी, आणि डीरॅम आहे की नाही. टीएलसीमध्ये एका सेलमध्ये तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. चार कोंबले की ड्राइव्ह स्वस्त होतो पण लिहायला मंद आणि आयुष्यही कमी. कंपन्या हे झाकायला पुढे एक वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती लिहायची जागा, ठेवतात. उदाहरण म्हणून सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ १ टीबी ही क्यूएलसी बघा, कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे तिची कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी आणि ती भरली की लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही खाली. तुम्ही लग्नाच्या शूटिंगचं १०० जीबीचं फोल्डर टाकायला जाल तर अर्ध्यापर्यंत भुर्रकन जाईल आणि मग रांगायला लागेल. वाचायला मात्र ती चांगलीच आहे, आणि ज्याला आवाज अजिबात नको म्हणून पिक्चरसुद्धा एसएसडीवरच ठेवायचेत, एकदा लिहिले की फक्त बघायचे, त्याने मोठी क्यूएलसी घेतली तर मी नाही म्हणणार नाही. तुमच्याकडे २ टीबीची धडधाकट डिस्क आहे, तुम्हाला तो खर्च कशाला.

डीरॅम म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम, कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये आहे याचा नकाशा तिथे राहतो. ती नसेल तर प्रत्येक वेळी नकाशा शोधायलाही चिपमध्येच जावं लागतं. एनव्हीएमई ड्राइव्ह कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेऊन भागवतात, साटाला ती सोय नाही, म्हणून साटा घेताना डीरॅम असलेली घ्या. सॅमसंगची ८७० इव्हो किंवा क्रुशियलची एमएक्स५००, दोन्हीत टीएलसी, दोन्हीत डीरॅम, दोन्हींना ५ वर्षं वॉरंटी, यातली जी बरी मिळेल ती. ५०० जीबीमध्ये पहिलीला ३०० टीबी लिहिण्याची हमी आहे, दुसरीला १८०. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, जे टीव्हीच्या मशीनवर होणारच नाही, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात, १८० संपायला चोवीस वर्षं लागतील. तेव्हा एसएसडी झिजते या भीतीने घाबरू नका. २५० जीबीचीही चालली असती, पण छोट्या साइजमध्ये हमीही जवळपास निम्मी होते आणि भाव काही निम्मा होत नाही. ५०० लावल्यावर विंडोजमध्ये ४६५ दिसतील, ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

झिजण्यापेक्षा मला लाइट जाण्याची भीती जास्त वाटते. माझी पहिली एसएसडी अशीच गेली. स्वस्त होती, कंपनीचं नाव आधी कधी ऐकलं नव्हतं, डीरॅम नव्हती, १४ महिने छान चालली. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट संध्याकाळी चार-पाच वेळा जाते-येते, अशाच एका संध्याकाळी मशीन बंद पडलं आणि परत चालू केलं तर बायोसमध्ये ड्राइव्हचं नावच वेगळं आणि साइज शून्य. पिक्चर हार्ड डिस्कवर होते ते वाचले. पण आजीने म्हटलेले अभंग आम्ही जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतले होते, ते फोल्डर मी डेस्कटॉपवरच ठेवलं होतं, नंतर नीट लावू म्हणून. हार्ड डिस्क असती तर कुणीतरी तबकडी उघडून काही काढलं असतं, एसएसडीचा नकाशा गेला की आत नुसते तुकडे उरतात. दोन ठिकाणी दाखवून आणलं, दोघांनीही हात वर केले. बहिणीकडे एका पेनड्राइव्हमध्ये त्यातले तीन अभंग निघाले, बाकीचे गेले, आणि कॅसेटही आता चालत नाही. त्यामुळे सांगतो, एसएसडीवर फक्त तेच ठेवा जे परत टाकता येतं, विंडोज, कोडी, पोस्टर. घरचं शूटिंग दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक कपाटात. आणि मशीनला एक साधा छोटा यूपीएस लावाच, कुठलीही एसएसडी घेतलीत तरी.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का तपासा. ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दीड-दोन हजारात दिसते तिच्याकडे बघूसुद्धा नका, असली कितीतरी उघडून बघितली गेलीत आणि आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघालंय, फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि उघडत नाहीत. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवून एकूण किती लिहिलंय आणि किती तास चाललीय ते बघा.

बसवणं सोपं आहे, एक साटा डेटा केबल आणि एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पॉवरची पिन. अडीच इंचाची जागा केसमध्ये नसेल तर ब्रॅकेट मिळतो, नाहीतर डबल साइड टेपने केसच्या तळाला चिकटवली तरी चालतं, आत हलणारं काही नसतं. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, बोर्डावर शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किंवा रंग वेगळा असतो, एसएसडी त्यातल्या एकात लावा आणि हार्ड डिस्क ३ गिगाबिटच्या पोर्टात, तिला तेवढं पुरतं. विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना बघा, आयडीई हा जुना मोड असेल तर आधीच बदला, विंडोज टाकल्यावर बदललं तर ते बूट होत नाही. आणि इन्स्टॉल करताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटच्या फाइली चुकून तिच्यावर जाणार नाहीत आणि तुमचे पिक्चर चुकून फॉरमॅटही होणार नाहीत.

एक अजून, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी तुमचा प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाही. मशीनवर फक्त कोडीच लागत असेल तर विंडोजऐवजी लिबरइलेक ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा, फुकट आहे, चालू केलं की थेट कोडीच उघडतं. आधी पेनड्राइव्हवर टाकून तुमचा टीव्ही, रिमोट आणि आवाज नीट चालतो का ते बघा. ते जमलं तर ५०० चीही गरज नाही, चांगल्या कंपनीची २५० जीबी घ्या आणि उरलेल्या पैशात यूपीएस येतोय का बघा.